बिलाच्या कागदावर फोटो: घरी बनवायचा झटपट कॅमेरा

किराणा दुकानातलं एखादं बिल घ्या आणि छापलेल्या बाजूवर नखाने जोरात, झटकन रेघ ओढा. काळी रेघ उमटेल. नखाच्या घर्षणाने झालेली थोडीशी उष्णता त्या कागदाला पुरते. आज जो कॅमेरा बनवायचा आहे तो एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे. त्यात फिल्म नाही, शाई नाही, कार्ट्रिज नाही. बटण दाबायचं आणि बिल निघतं तसा फोटो बाहेर येतो.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं ते भाचीमुळे. तिला वाढदिवसाला कुणीतरी खेळण्यातला प्रिंटवाला कॅमेरा दिला. दोन दिवसांत तिने रोल संपवला, तिसऱ्या दिवशी कागद अडकला आणि खेळणं माझ्याकडे दुरुस्तीला आलं. उघडून बघतो तर आत दुकानातल्या बिलाच्या मशिनची धाकटी बहीण बसलेली. म्हटलं, हे तर आपणही करू शकतो. केलंही, पण कॅमेरा चालला तो तिसऱ्या प्रयत्नात. पहिले दोन का फसले हे कळलं तर तुमचे दोन रविवार वाचतील, म्हणून त्या भागांवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधीच सांगून ठेवतो: कॅमेरा म्हटलं की आपण लेन्स आणि मेगापिक्सेलच्या मागे लागतो. इथे त्याला फारसा अर्थ नाही. हा मुळात प्रिंटर आहे, त्याला एक डोळा लावलाय एवढंच. पैसे आणि वेळ खर्चायचा तो वीजपुरवठ्यावर आणि चित्राचे ठिपके कसे पाडायचे यावर.

कागद आणि ३८४ ठिपके

थर्मल कागदाच्या एका बाजूला पातळ थर असतो. त्यात एक रंगहीन रंगद्रव्य असतं, त्याला ल्युको डाय म्हणतात, आणि शेजारीच त्याला रंग आणणारं आम्लधर्मी रसायन असतं. थंड असताना दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत. साधारण ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढे थर वितळायला लागतो, दोन्ही मिसळतात आणि तेवढी जागा काळी होते.

प्रिंटरच्या तोंडाशी बारीक हीटरची एक सरळ रांग असते. ५७-५८ मिमी कागदाच्या प्रिंटरमध्ये असे ३८४ हीटर असतात, मिलिमीटरला ८. म्हणजे छपाईची रुंदी ४८ मिमी. कागद ०.१२५ मिमी पुढे सरकतो, पुढची ओळ भाजली जाते, पुन्हा सरकतो. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर कोरा. या प्रिंटरला करडा रंग माहीतच नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी तिच्यातूनच येणार आहे.

फोटो मी ३८४ बाय ५१२ ठिपक्यांचा ठेवतो. कागदावर तो ४८ बाय ६४ मिमी होतो. गंमत म्हणजे इन्स्टॅक्स मिनी या विकतच्या झटपट कॅमेऱ्याच्या फोटोतला चित्राचा भाग ४६ बाय ६२ मिमी असतो. म्हणजे आकाराच्या बाबतीत आपण जवळजवळ बरोबरीत. दर मात्र वेगळा. १५ मीटरच्या एका रोलमध्ये, फाडायला जागा सोडून, सुमारे २०० फोटो बसतात आणि रोल स्टेशनरीच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतो. फोटोला दहा-पंधरा पैसे. वाचणारे पैसे विसरा, पण त्यामुळे हात मोकळा होतो. मुलं बिनधास्त मांजराच्या शेपटीचे वीस फोटो काढतात आणि कुणी ओरडत नाही.

ही कल्पना नवी नाही. निन्टेन्डोने १९९८ मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी कॅमेरा आणि छोटा थर्मल प्रिंटर काढला होता. फोटो १२८ बाय ११२ पिक्सेलचा, त्यात फक्त चार छटा, कागद ३८ मिमी रुंद, आणि एवढ्यासाठी प्रिंटरच्या पोटात सहा पेन्सिल सेल. बाजारातले आजचे खेळण्यातले कॅमेरे त्याचेच वारस आहेत. रंगीत हवं असेल तर झिंक नावाचा कागद असतो. त्यात पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंगांचे थर आत दडलेले असतात आणि कमी-जास्त तापमान, कमी-जास्त वेळ देऊन हवा तो थर जागा करतात. पण तो कागद महाग, त्याचं तंत्र बंदिस्त. घरी जुळवाजुळव करण्याच्या कामाचा नाही.

पहिली संध्याकाळ: कॅमेरा न घेता

सुटे भाग मागवण्याआधी एक करा. ओळखीच्या दुकानदाराकडून किंवा जुन्या बाजारातून ५८ मिमीचा ब्लूटूथ बिल प्रिंटर मिळवा. फोनवर एखादं थर्मल प्रिंटिंगचं अ‍ॅप टाका आणि घरातल्या माणसांचे पाच-सहा फोटो छापा. एक चेहरा उन्हातला, एक घरातल्या ट्यूबलाइटखालचा, एक झाडाचा, एक पाटीचा.

निम्मे फोटो बघवणार नाहीत. उन्हातल्या सावळ्या चेहऱ्याचा काळा ठोकळा होईल, आकाश कोरं राहील, झाडाची भाजी होईल. ते फोटो जपून ठेवा. पुढे प्रोग्रॅममध्ये काय दुरुस्त करायचंय त्याची ती यादीच आहे. आणि हे खडबडीत काळं-पांढरं रूप तुम्हाला आवडतच नसेल तर तेही इथेच कळेल, प्रिंटर दुकानदाराला परत द्या आणि विषय संपवा.

काय काय लागेल

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक; पुढे त्याला नुसतं ‘पाय’ किंवा ‘झिरो’ म्हणेन. त्याला पायचाच कॅमेरा मॉड्यूल. सर्वांत स्वस्त ५ मेगापिक्सेलचा चालतो. आपल्या फोटोत एकूण १,९६,६०८ ठिपके आहेत, पुरते दोन लाखही नाहीत. पन्नास लाख पिक्सेलच्या कॅमेऱ्यालाही इथे अर्धपोटीच काम आहे. या स्वस्त मॉड्यूलचा फोकस ठरलेला असतो, साधारण एक मीटरपासून पुढचं नीट दिसतं. सेल्फी हवी असेल तर ऑटोफोकसवाला मॉड्यूल ३ घ्या.

एक फसगत ठरलेली: कॅमेऱ्यासोबत येणारी चपटी केबल १५ पिनांची आणि रुंद असते, पण झिरोवरचा सॉकेट २२ पिनांचा आणि अरुंद असतो. झिरोसाठीची केबल वेगळी मागून घ्या. मी पुण्यात तपकीर गल्लीत एकाच गोष्टीसाठी दोनदा गेलो ते याच केबलपायी. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

प्रिंटर दोन प्रकारे घेता येतो. पहिला, पॅनेलमध्ये बसवायचा सुटा थर्मल प्रिंटर, ज्याला विजेच्या दोन आणि सीरियलच्या, म्हणजे एकामागोमाग एक बिट पाठवणाऱ्या जोडणीच्या, तीन तारा असतात. दिसायला सुरेख बसतो, पण वीज तुम्ही पुरवायची. दुसरा, वर म्हटलेला हातात मावणारा बिल प्रिंटर. त्याची स्वतःची बॅटरी असते आणि यूएसबी केबलने तो पायला जोडता येतो. कॅमेरा थोडा जाडजूड होतो, पण निम्मे प्रश्न जन्मालाच येत नाहीत. पहिलाच कॅमेरा असेल तर मी दुसराच प्रकार सुचवेन. माझा मात्र सुटा प्रिंटरवाला आहे, कारण मला हे शहाणपण उशिरा आलं.

याशिवाय एक मोठं बटण, एक एलईडी आणि त्याच्यासाठी ३३० ओहमचा रोधक, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (१६ व्होल्टचा), मेमरी कार्ड, पॉवर बँक आणि खोकं.

वीज: इथे पहिला कॅमेरा मेला

माझा पहिला कॅमेरा फोटोच्या दोन ओळी छापायचा आणि बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मी दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच.

ठिपका काळा करणं म्हणजे एक हीटर पेटवणं. कोऱ्या भागावर प्रिंटर जवळजवळ काहीच वीज घेत नाही; गर्द भाग आला की एकदम दीड-दोन अँपिअर मागतो. तेवढी वीज त्याच तारेतून ओढली गेली की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि पाय बेशुद्ध पडतो. म्हणून कागदावर अक्षरं छान छापली जातात, पण केसांचा काळा भाग आला की कॅमेरा मान टाकतो. लक्षण अगदी असंच असेल तर दुसरीकडे शोधू नका.

उपाय साधा आहे. पाय आणि प्रिंटर यांना वेगवेगळ्या तारांनी वीज द्या. दोन आउटपुट असलेली, एकूण किमान ३ अँपिअर देणारी पॉवर बँक घ्या. एका छिद्रातून पाय, दुसऱ्यातून प्रिंटर. प्रिंटरकडे जाणाऱ्या तारा जाड आणि आखूड ठेवा. फोन चार्ज करायची बारीक, लांबलचक केबल इथे चालत नाही. कपॅसिटर प्रिंटरच्या अगदी तोंडाशी, धन आणि ऋण तारांच्या मध्ये जोडा. कपॅसिटरची पट्टीकडची तार ऋण बाजूला. उलटा जोडलात तर तो फुटतो. आणि दोन्हींची ऋण तार, म्हणजे ग्राउंड, एकमेकांना जोडलेली असलीच पाहिजे, नाही तर सीरियल तारेतून प्रिंटरला नुसती बडबड ऐकू येते.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले ‘१८६५०’ नावाचे लिथियम सेल काढून वापरायचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. हा कॅमेरा मुलांच्या हातात जाणार असेल तर तो मोह टाळा. बरी पॉवर बँक आपल्या संरक्षण सर्किटसकट येते.

जोडणी

यूएसबीवाला प्रिंटर असेल तर झिरोच्या मधल्या छोट्या यूएसबी छिद्रात ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावा, त्यात प्रिंटरची केबल घाला आणि पुढे चला.

सुटा प्रिंटर असेल तर पायची ८ नंबरची पिन (प्रोग्रॅममध्ये तिचं नाव जीपीआयओ १४, डेटा पाठवणारी) प्रिंटरच्या आरएक्स, म्हणजे डेटा घेणाऱ्या, तारेला जोडा आणि ग्राउंड ग्राउंडला. प्रिंटरची टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणारी, तार मोकळीच सोडा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि कित्येक प्रिंटर ५ व्होल्ट परत पाठवतात. त्यात पिन कायमची जळू शकते. प्रिंटरकडून आपल्याला काही ऐकायचंही नाही, तर कशाला धोका घ्या? तारेच्या टोकाला टेप गुंडाळा.

बटणाचं एक टोक जीपीआयओ २१ ला, दुसरं ग्राउंडला. बटणाला वेगळा रोधक लागत नाही, पायच्या आत आहे. एलईडी रोधकासह जीपीआयओ २० ला.

आता प्रिंटरची स्वतःची चाचणी: कागद फिरवायचं बटण दाबून धरून वीज सुरू करा. तो स्वतःची जन्मपत्रिका छापतो, त्यात सीरियलचा वेग लिहिलेला असतो, बहुधा ९६०० किंवा १९२००. तो कागद खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवू नका, वर्षभरात पुसट होईल. वहीत लिहून ठेवा.

कार्ड आणि सेटिंग

रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती इमेजर या पायच्याच सॉफ्टवेअरने कार्डावर उतरवा. उतरवतानाच वायफायचं नाव, पासवर्ड आणि एसएसएच भरून टाका, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड न जोडता लॅपटॉपवरून आत शिरता येतं. सेटिंगच्या मेनूत सीरियल पोर्टमध्ये दोन प्रश्न येतात: लॉगिनसाठी सीरियल वापरायचं का, उत्तर नाही, सीरियलचं हार्डवेअर सुरू ठेवायचं का, उत्तर हो. पहिल्याला चुकून हो म्हटलंत तर पाय सुरू होताना आपलं पुराण प्रिंटरवर छापत सुटतो. बघायला मजा येते, पण रोल जातो.

कॅमेरा तपासायला आता आरपीकॅम-स्टिल ही आज्ञा आहे. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंमध्ये रास्पीस्टिल दिसेल. ती नव्या आवृत्तींतून गेली. त्या लेखांतला प्रोग्रॅम जसाच्या तसा उचललात तर चालणार नाही, पण त्यातली जोडणी अजून खरी आहे.

प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहायचा. चार लायब्ररी पुरतात: कॅमेऱ्यासाठी पायकॅमेरा२, चित्रासाठी पिलो, प्रिंटरशी बोलायला पायसीरियल, बटणासाठी जीपीआयओझीरो. कॅमेरा प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच चालू करून चालूच ठेवा. प्रत्येक बटणाला नव्याने उघडलात तर उजेड जोखण्यात एक-दोन सेकंद जातात आणि तोवर मूल फ्रेमबाहेर पळालेलं असतं.

चित्राचे ठिपके: इथे दुसरा कॅमेरा फसला

आता खरा स्वयंपाक. क्रम बदलायचा नाही, क्रमातच सगळं आहे.

फोटो १०२४ बाय ७६८ चा काढा. तो ९० अंशांत फिरवा म्हणजे ७६८ बाय १०२४ होतो. मग बरोबर निम्मा करा: ३८४ बाय ५१२. कॅमेरा आडवा धरूनही कागदावर मोठं चित्र मिळतं ते या फिरवण्यामुळे. त्यानंतर काळा-पांढरा करा आणि दोन्ही टोकांचे एक-दोन टक्के पिक्सेल सोडून कॉन्ट्रास्ट ताणा.

मग चित्र उजळा, आणि स्क्रीनवर फिकं वाटेल इतकं उजळा. भाजलेला ठिपका कागदावर जरासा पसरतो, त्यामुळे छापील चित्र नेहमी पडद्यापेक्षा गडद येतं. मी मधल्या छटांना १.६ चा गॅमा देतो. म्हणजे पिक्सेलची किंमत २५५ ने भागायची, तिचा १/१.६ घात काढायचा आणि पुन्हा २५५ ने गुणायचं. पहिल्या संध्याकाळचा तो काळा ठोकळा आठवतोय? त्याचं नाक-डोळे याच पायरीवर परत येतात. यानंतर किंचित धार द्या.

आता डिदरिंग. करडा रंग नसताना करड्याचा भास निर्माण करायचा आहे, वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोंसारखा. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली रीत अजून सर्वांत जास्त वापरली जाते. तिचं तत्त्व उधारीच्या वहीसारखं आहे. समजा एका पिक्सेलची किंमत ९० आहे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). मध्य १२८, म्हणून तो काळा ठरला, ० झाला. पण त्याचे ९० बुडाले. ते बुडू द्यायचे नाहीत, शेजाऱ्यांत वाटायचे: सोळापैकी सात भाग उजवीकडच्याला, पाच भाग थेट खालच्याला, तीन भाग खाली डावीकडच्याला आणि एक भाग खाली उजवीकडच्याला. उजवीकडचा पिक्सेल १०० चा असेल तर त्याला सुमारे ३९ मिळाले, झाला १३९, म्हणजे पांढरा. अशी वाटणी करत गेलं की ठिपक्यांची दाटी बरोबर मूळ छटेइतकी होते. पिलोमध्ये चित्र एक-बिटचं करायला सांगितलं की हीच रीत आपोआप लागते, एक ओळीचं काम.

ती मला चेहऱ्यांवर जरा मळकट वाटते. अ‍ॅपलमधल्या बिल अ‍ॅटकिन्सन यांची रीत बुडालेल्या रकमेतला आठपैकी सहा भागच वाटते, उरलेला सोडून देते. हिशेब चुकतो, पण चित्र उठावदार होतं: उजळ भाग स्वच्छ, गडद भाग ठाम. थर्मल कागदावर मी तीच वापरतो. ती पिलोमध्ये तयार मिळत नाही, पण एकात एक अशा दोन लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांत, लिहून होते. तिसरी रीत ठरलेल्या तक्त्याची, ज्यात चौकटी-चौकटीची जाळी दिसते. गेम बॉयच्या फोटोंचा जो विशिष्ट पोत आठवतो तो या जातीचा. मुलांना तोच आवडतो.

माझी चूक इथे झाली. मी आधी मोठ्या चित्रावर डिदरिंग केलं आणि मग ते ३८४ पर्यंत लहान केलं. ठिपके एकमेकांत मिसळून पुन्हा करडे झाले, आणि प्रिंटरने त्यांचा चिखल केला. आकार आधी, डिदरिंग शेवटी. आणि डिदरिंग झालेलं चित्र जेपेगमध्ये साठवू नका, त्या दाबादाबीत ठिपक्यांची कड मोडते. मूळ रंगीत फोटो जेपेगमध्ये कार्डावर जरूर ठेवा.

प्रिंटरला पाठवणं

बहुतेक बिल प्रिंटर एप्सनने रूढ केलेली ईएससी-पॉस भाषा बोलतात. आज्ञा म्हणजे नुसते आकडे. आधी २७, ६४ पाठवून प्रिंटरला भानावर आणा. चित्रासाठी २९, ११८, ४८, ० आणि त्यापुढे रुंदी ४८, ० (३८४ ठिपके म्हणजे ४८ बाइट), मग ओळींची संख्या दोन बाइटमध्ये, लहान भाग आधी. त्यानंतर चित्राचे बाइट. शेवटी २७, १००, ३ पाठवलं की तीन ओळी कागद पुढे येतो आणि फाडता येतो.

एक उलटापालट हमखास होते. पिलोच्या एक-बिटच्या चित्रात १ म्हणजे पांढरा, प्रिंटरच्या भाषेत १ म्हणजे काळा. उलटवायला विसरलात तर निगेटिव्ह छापली जाते. त्यातून पार्श्वभूमी सगळी काळी, म्हणजे वीजही भरपूर ओढली जाते, आणि कॅमेरा बंद पडला की माणूस पुन्हा बॅटरीला शिव्या देतो.

सगळं चित्र एका दमात ढकलू नका. स्वस्त प्रिंटरची स्मरणशक्ती तुटपुंजी असते. ती भरली की चित्राच्या मध्यात विचित्र अक्षरं उमटू लागतात. ३२ ओळींचे १६ तुकडे करा आणि प्रत्येकाला वेगळी आज्ञा द्या. वेळेचा हिशेबही करून ठेवा. फोटो २४,५७६ बाइटचा. ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे साडेपंचवीस सेकंद. १९२०० ला पावणेतेरा. पंचवीस सेकंद कुणी हसत उभं राहत नाही, त्यामुळे १९२०० वाला प्रिंटर मिळत असेल तर तोच घ्या.

सुट्या प्रिंटरला उष्णता किती द्यायची तेही सांगता येतं: २७, ५५ आणि पुढे तीन आकडे. पहिला एका वेळी किती हीटर पेटवायचे, दुसरा किती वेळ, तिसरा मध्ये किती थांबायचं. सुरुवात ११, १२०, ४० ने करा. फोटो फिका असेल तर दुसरा आकडा वाढवा. वीज कमी पडत असेल तर पहिला ७ वर आणा. छपाई संथ होईल पण पाय जागा राहील.

खोकं

माझा तिसरा कॅमेरा मिठाईच्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, वरून पुस्तकाला घालतात तसा खाकी कागद. थ्रीडी प्रिंट केलेलं खोकं सुंदर दिसतं यात वाद नाही, पण पुठ्ठ्यात चुकलेलं भोक पाच मिनिटांत हलवता येतं. रोल सहज फिरेल एवढी जागा ठेवा. रोल घासला तर चित्र ताणल्यासारखं किंवा चेपल्यासारखं येतं. फाडायची दातेरी कड खोक्याच्या बाहेर राहू द्या. लेन्सचं भोक बाहेरच्या बाजूला मोठं होत जाईल असं तिरकं कापा, नाही तर फोटोचे चारही कोपरे काळे होतात. स्क्रीन लावू नका असं माझं मत आहे. तारेची चौकट वाकवून व्ह्यूफाइंडर करा. नेम चुकतो, त्यातच गंमत.

बटण तीन सेकंद दाबून धरलं की पाय रीतसर बंद व्हावा अशी सोय प्रोग्रॅममध्ये हवीच. सरळ वीज काढली तर आज ना उद्या कार्ड बिघडतं. एलईडी तयार असताना स्थिर, छापताना लुकलुकता ठेवा. पाय सुरू व्हायला वीस-तीस सेकंद घेतो, तेवढ्यात लोक बटण बडवू लागतात.

हा उशीर अजिबात नको असेल तर दुसरा कॅमेरा ईएसपी३२-कॅमवर करा. ते बोर्ड खूप स्वस्त, एक-दोन सेकंदांत तयार, कॅमेरा त्याच्यावरच. पण प्रोग्रॅम चढवायला वेगळं यूएसबी-सीरियल जोडयंत्र लागतं, मोकळ्या पिना मोजक्या, आणि डिदरिंग पूर्णपणे स्वतः लिहावं लागतं. चित्राचं गणित पायवर एकदा पक्कं झालं की मग तिकडे जा.

बिघडलं तर, आणि खेळण्यातला कॅमेरा घ्यायचा तर

पूर्ण कोरा कागद बाहेर आला तर दहात नऊ वेळा रोल उलटा बसलाय. नखाची परीक्षा करा. काळी रेघ उमटणारी बाजू प्रिंटहेडकडे, म्हणजे हीटरच्या रांगेकडे, हवी. प्रत्येक फोटोत त्याच जागी उभी पांढरी रेघ येत असेल तर हेडवर कचरा आहे. वीज बंद करून, हेड थंड झाल्यावर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हळूच पुसा. भाचीच्या कॅमेऱ्याला एवढंच झालं होतं, सोबत कागदाचा एक कपटा रबरी रोलरखाली. दर ३२ ओळींनंतर बारीक आडवी रेघ दिसली तर तुकडे वेळेवर पोचत नाहीत आणि मोटर मध्ये थबकते आहे; तुकड्यांमधला विराम कमी करा.

हेच नियम विकतच्या खेळण्यालाही लागू. ते घेताना डब्यावरच्या मेगापिक्सेलच्या आकड्याकडे बघू नका, रोलचा आकार बघा. रुंदी बहुतेक ५७ मिमीच असते, पण पोट लहान, त्यामुळे दुकानातला १५ मीटरचा जाड रोल आत मावत नाही. जोडीने मिळणारे छोटे रोल संपले की काय, याचं उत्तर आधी शोधा. मोठ्या रोलमधून चार-पाच मीटर कागद पेन्सिलीवर घट्ट गुंडाळून छोटा रोल करता येतो, रासायनिक बाजू मूळ रोलसारखीच बाहेर ठेवून. मेमरी कार्ड काढता येतं ना, हेही बघा. कागदावरचा फोटो जाणार आहे. फाइल राहिली पाहिजे.

कागद जपणं

थर्मल कागदात रंग आणणारं रसायन म्हणून अनेकदा बिस्फेनॉल-ए असतं, जे शरीराला अपायकारक ठरू शकतं. युरोपियन युनियनने जानेवारी २०२० पासून अशा कागदात त्याच्या प्रमाणावर ०.०२ टक्क्यांची मर्यादा घातली. लहान मुलं दिवसभर हे फोटो हाताळणार, म्हणून बिस्फेनॉलमुक्त असं लिहिलेले रोल घ्या, थोडे महाग पडले तरी. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी कागद धरू देऊ नका आणि तोंडात तर नकोच.

ऊन, तेल, अल्कोहोल आणि मऊ प्लास्टिकचे अल्बम हे या फोटोंचे शत्रू. वहीत लावायचे तर कोपऱ्यांत खाचा पाडून त्यात खोचा. मागच्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहा. मुलांना रंग भरायचे असतील तर लाकडी रंगपेन्सिली द्या, अल्कोहोलवाले मार्कर नकोत. ज्या फोटोवर फारच जीव जडेल त्याची साधी झेरॉक्स काढा, ती टोनरची असते, टिकते.

आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशनला देऊ नका. आमच्या आजीने स्वतःचा फोटो कौतुकाने कोपऱ्यावरच्या दुकानात दिला. गरम रोलरमधून बाहेर आला तो चकचकीत, व्यवस्थित सील केलेला काळाकुट्ट चौकोन. फाइल कार्डात होती, तेरा सेकंदांत दुसरा छापून दिला. काळा मात्र तिने टाकू दिला नाही, त्याचेही पैसे दिले होते म्हणाली.